उरलेल्या दोनशे एकतीस फेका

अंतिम सामना चाळीसगावने ४-३ असा जिंकला. बार्शी हरली.

हे वाचलंत, आता विसरून जा. असं काही झालेलं नाही. संपादकांनी माझ्याकडे बेसबॉल लीगवर 'अर्धा हंगाम: कोण कुठे' हा लेख मागितला होता तेव्हा मी बोहल्यावर होतो, त्यामुळे तो द्यायचा राहिला. तो आता देतोय. लेख अर्ध्या हंगामाचा आहे आणि अर्ध्या हंगामात अंतिम सामना होत नाही. चौदा सामने झालेत, चौदा बाकी आहेत, आणि आपल्याला पुढचं काहीही माहीत नाही. मला तर अजिबात नाही.

तर, कोण कुठे.

चाळीसगाव चित्ते अकरा विजयांसह पहिले आहेत. नाव चित्ते असलं तरी त्यांचा एकही बॅटर घाई करत नाही. पिचरने टाकलेला चेंडू बॅटरपुढच्या पाटीवरून, छाती आणि गुडघ्यांच्या मधून गेला तर तो स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिल्या तळावर फुकट जाता येतं. चाळीसगावच्या लोकांनी या नियमातला 'फुकट' हा शब्द नीट वाचलाय. ते पोस्टाच्या खिडकीपुढे उभे राहिल्यासारखे उभे राहतात आणि पिचर कधीतरी चुकेल याची वाट बघतात. पिचर चुकतो.

गडहिंग्लज गरुड पाचवे. त्यांच्या सीमेवर गरुडाचा मुखवटा घालून नाचणाऱ्या गृहस्थांनी सहाव्या सामन्यात प्रेक्षकांत जाणारा चेंडू पंखांत झेलला. संघाने त्यांच्याशी तिथल्या तिथे करार केला. आता ते संघातले सगळ्यात भरवशाचे क्षेत्ररक्षक आहेत. मुखवटा काढायला तयार नाहीत. त्यांच्या घरच्यांनाही ते मुखवट्यातच बरे वाटतात असं समजतं.

उदगीर उल्का आठव्या, म्हणजे शेवटच्या. कर्णधार म्हणाले, "योग्य वेळी आम्ही फॉर्मात येऊ." योग्य वेळ कोणती, हे विचारल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं.

बार्शी बहाद्दर दुसऱ्या क्रमांकावर. पहिले दोन संघ थेट अंतिम फेरीत जातात, त्यामुळे बार्शीत सध्या उत्साह आहे. होतकरू खेळाडूंमध्ये बार्शीचाच कियान माळवदकर, वय एकोणीस, सगळ्यात जास्त चर्चेत आहे. त्याच्या कोपरात अकरा हजार फेका शिल्लक आहेत. टाकलेल्यांतली एकही अजून जिथे पडायला हवी तिथे पडलेली नाही, पण वेग भन्नाट आहे.

आता 'कोपरात फेका शिल्लक' म्हणजे काय, हे ज्यांनी गेली चार वर्षं वर्तमानपत्र उघडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा एक संधिबंध असतो. दंडाचं हाड आणि हाताचं हाड तो एकमेकांना धरून ठेवतो. माणसाचा हात भाकरी थापायला, ओझं उचलायला आणि फार तर चिंचा पाडायला बनलेला आहे, ताशी दीडशे किलोमीटरने चेंडू फेकायला नाही. त्यामुळे अशा प्रत्येक फेकीत त्या संधिबंधातले काही तंतू तुटतात, सुंभाच्या दोरातला एकेक धागा सुटावा तसे. विश्रांती घेतली की शरीर त्यातले काही पुन्हा विणतं. तुटणं आणि विणणं यांची शर्यत चालू असते, आणि पिचरच्या बाबतीत ती कोण जिंकणार हे ठरलेलं असतं. फक्त कधी, ते माहीत नव्हतं.

ते पट्टीने सांगितलं. तिचं अधिकृत नाव 'संधिबंध अवशिष्ट क्षमता मापक', पण ते नाव उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांनासुद्धा पूर्ण उच्चारता आलं नाही. कोपरावर चिकटवायची चिकटपट्टीएवढी वस्तू. ती संधिबंधातून बारीक कंपनं सोडते. तंतू शाबूत असतील तर कंपन भर्रकन पलीकडे जातं, तुटलेले असतील तर रेंगाळतं. हजारो पिचरांच्या कोपरांचा इतिहास शिकलेला संगणक त्या रेंगाळण्यावरून सांगतो, की या कोपरातून अजून इतक्या फेका होतील आणि मग दोर तुटेल. अचूकता अधिक-उणे तीन. पहिल्या हंगामात कुणाचा विश्वास बसला नाही. हंगामाअखेर एकेचाळीस कोपरं गेली, त्यातली एकोणचाळीस सांगितल्या आकड्यावर. उरलेल्या दोघांपैकी एक जण दुचाकीवरून पडला होता.

त्यानंतर लीगने नियम केला. प्रत्येक पिचरचा आकडा धावफलकावर दिसेल. आकडा शून्य झाला की पिचर बाहेर. शून्यावर टाकलेला चेंडू हिशेबात धरला जाणार नाही.

नियम माणुसकीचा होता. त्याचे परिणाम जरा वेगळे झाले. पिचर मुलांच्या लग्नात आधी पत्रिका मागायचे, आता आकडा मागतात. तीन हजारांच्या खालचं स्थळ बघायलाही कुणी येत नाही. आकडा सगळ्यांच्या फोनवर दिसतो, त्यामुळे पिचरने रस्त्यात कुत्र्याला हाकलायला हात उचलला तरी पानाच्या टपरीवरून माणसं ओरडतात, "ठेव! ठेव! आम्ही हाकलतो!"

विहान बगाडे हा बार्शीचा शेवटच्या डावांत येणारा पिचर. वय सव्वीस. बाविसाव्या वर्षी त्याचा संधिबंध तुटला आणि मनगटातली एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढून तिथे बसवली. शस्त्रक्रिया चांगली झाली. मात्र अशी बसवलेली कंडरा धरून ठेवते, स्वतःला विणत नाही. त्यामुळे विहानचा आकडा फक्त खाली येतो, आणि दुसऱ्यांदा शिवायला डॉक्टरांनी नकार दिलाय. शून्य म्हणजे शून्य. हंगामाच्या मध्यावर त्याचा आकडा होता दोनशे एकतीस.

या लेखकाचा विहान बगाडेशी काही संबंध नाही. फक्त त्याची मोठी बहीण ईश्वरी हिच्याशी माझं लग्न झालंय.

ईश्वरी नगरपरिषदेत आवक-जावक विभागात आहे. आलेल्या प्रत्येक अर्जाला ती क्रमांक देते आणि अर्जदाराला सांगते, "मिळेल, पण वेळ लागेल." भावाच्या बाबतीत मात्र तिचा धीर टिकत नाही. हंगाम सुरू झाल्यापासून घरात विहानच्या उजव्या हाताला सुट्टी होती. रिमोट, टॉवेल, साबण, सगळं त्याच्या डाव्या हातात आणून द्यायची. एकदा मी गमतीने त्याच्याकडे संत्रं फेकलं. त्याने ते उजव्या हाताने झेललं आणि सवयीने परत फेकायला हात मागे नेला. ईश्वरी किंचाळली. संत्रं त्याने टेबलावर ठेवलं आणि ते तीन दिवस तिथेच होतं. कुणी खाल्लं नाही.

बार्शीच्या प्रशिक्षक समीना अत्तार, म्हणजे अत्तार मॅडम. एके काळी सॉफ्टबॉलमध्ये देशाकडून खेळलेल्या, आता पन्नाशीच्या. त्यांच्या वहीत विहानच्या उरलेल्या सगळ्या फेका लिहून ठेवल्या होत्या. उरलेल्या चौदा सामन्यांना दोनशे सहा, अंतिम सामन्याला पंचवीस. एकूण दोनशे एकतीस. त्याखाली रेघ. रेघेखाली काही नाही.

"आणि त्यानंतर?" मी एकदा विचारलं.

"त्यानंतर तो माझ्याबरोबर बाकावर बसून मुलांना शिव्या देईल," मॅडम म्हणाल्या. "त्याला कोपर लागत नाही."

आमचं लग्न लीगच्या मधल्या सुट्टीत धरलं होतं, म्हणजे विहानला येता येईल. मुहूर्त दुपारी बारा सदतीस. लग्नाच्या आदल्या दिवशी अत्तार मॅडमचं पत्र आलं, संघाच्या लेटरहेडवर. 'खेळाडूने विवाहप्रसंगी अक्षता टाकू नयेत. टाकणे अपरिहार्य असल्यास डाव्या हाताने, कमरेच्या उंचीवरून, वेग न देता टाकाव्यात.'

पत्र विहानच्या प्रियांका आत्याने वाचलं. आत्या सत्तरीच्या आहेत आणि घरातल्या धार्मिक बाबींचा शेवटचा शब्द त्यांचा असतो.

"डाव्या हातानं?" त्या म्हणाल्या. "बहिणीचं लगीन हाय का तेराव्याचं जेवण?"

"आत्या, आकडा जातो गं," विहान म्हणाला.

"तांदळानं आकडा जातो? मग आमचे किती गेले असतील. मी पाच हजार लग्नांत टाकल्यात."

ईश्वरी म्हणाली, "तू टाकूच नको. नुसता उभा राहा. मी बोहल्यावरून बघणार आहे तुझ्याकडे."

"ताई, सगळी बार्शी टाकणार आणि मी मागं हात बांधून उभा राहू? लोक म्हणतील भावाला जावई पसंत नाही."

हा मुद्दा मला पटला. मी तसं म्हणालो नाही.

शेवटी असं ठरलं, की विहानने मंगल कार्यालयात अगदी मागे, बुंदीच्या परातींजवळ उभं राहायचं, अक्षता उजव्या हातात धरायच्या, म्हणजे आत्या समाधानी, आणि टाकायच्या नाहीत, म्हणजे मॅडम समाधानी. सगळ्यांना मान्य असलेला तोडगा होता. असे तोडगे आमच्याकडे नेहमी निघतात आणि ते नेहमी कार्यालयाच्या मागच्या बाजूला फसतात.

मंगलाष्टकं आठ होती. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी लोक अक्षता टाकत होते, आणि अक्षता वाटणारी करवली दर वेळी विहानच्या मुठीत आणखी चार दाणे देत होती, कारण त्याची मूठ बंद असली तरी तिला परंपरा माहीत होती. अक्षता कुंकवाने ओल्या होत्या. पिचरची मूठ म्हणजे काय हे ज्यांनी हस्तांदोलन केलंय त्यांना माहीत आहे. आठव्या अष्टकापर्यंत त्या मुठीत सुटे तांदूळ उरलेच नव्हते. लिंबाएवढा, लाल, घट्ट गोळा तयार झाला होता.

अंतरपाट खाली आला. गुरुजींनी 'सावधान' म्हटलं. ईश्वरीने ठरल्याप्रमाणे भावाकडे बघितलं आणि ती रडायला लागली.

विहान मला नंतर म्हणाला, "दाजी, ताई रडली म्हटल्यावर मी काय केलं मला आठवत नाही. मला फक्त तुम्ही दिसलात. म्हटलं, हा माणूस."

त्याने पाऊल उचललं, खांदा फिरवला आणि टाकला. पाचशे लोकांच्या डोक्यांवरून तो गोळा आला. मी त्याला येताना बघितलं. जागचा हललो नाही. हे धैर्य नव्हतं, माझ्या उपरण्याला गाठ मारलेली होती. गोळा माझ्या पांढऱ्या शेरवानीच्या तिसऱ्या बटणावर बसला आणि फुटला.

त्याच क्षणी कार्यालयातले पाचशे फोन थरथरले. विहान बगाडे: २३०.

लग्न लागल्याबरोबर सगळ्या वऱ्हाडाने एका सुरात 'अरेरे' म्हटलेलं बार्शीतलं हे पहिलंच लग्न असावं. वाजंत्रीवाले बिचारे थांबले. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

तांदळाच्या गोळ्यासाठी एक फेक कशी काय गेली, अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. पट्टीचं बरोबर होतं. संधिबंधावर ताण चेंडूच्या वजनाने येत नाही, हात ज्या वेगाने फिरतो त्याने येतो. हातात वजन कमी असेल तर हात उलट जास्त जोरात फिरतो. पट्टीला लग्न कळत नाही. तिला फक्त कळलं, की या माणसाने आपल्याकडे होतं ते सगळं टाकलं.

अत्तार मॅडम मागच्या ओळीत होत्या. त्या उठून विहानजवळ गेल्या. हे संभाषण मला आत्यांनी शब्दशः सांगितलंय.

"टाकलीस?"

"टाकली, मॅडम."

"कुठं लागली?"

"दाजींना. तिसऱ्या बटणावर."

मॅडमनी जरा विचार केला. "म्हणजे स्ट्राइक."

"स्ट्राइकच मॅडम. काठावर, पण स्ट्राइक."

मॅडमनी वही काढली, पंचवीस खोडून चोवीस केले आणि पंगतीला बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन कार्यालयात गेलो. बुंदीच्या परातीपासून बोहल्यापर्यंत साठ फूट सात इंच भरले. पिचरपासून पाटीपर्यंतचं अधिकृत अंतर साठ फूट सहा इंच असतं. म्हणजे त्याने एक इंच जास्त लांबून टाकली होती. मी हे ईश्वरीला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या लग्नाला एक दिवस झालाय आणि तू कार्यालय मोजून आलास?" पण ती हे रागाने म्हणाली नाही.

इथे अर्ध्या हंगामाचा लेख संपतो. पुढचं घडलेलं नाही. तरी केवळ माहितीसाठी, न घडलेलं असं होतं.

पुढच्या चौदा सामन्यांत विहानने वहीत लिहिल्या तेवढ्याच, दोनशे सहा फेका टाकल्या. बार्शी अंतिम फेरीत गेली. सामना लातूरला, दुपारी तीनला. विहान आठव्या डावात आला तेव्हा फलकावर त्याच्या नावापुढे चोवीस होते. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात बार्शीची पाळी संपलेली, धावसंख्या ३-३. चाळीसगावचे दोन बॅटर बाद, तिन्ही तळांवर माणसं, आणि समोरच्या बॅटरवर तीन बॉल, दोन स्ट्राइक. म्हणजे आता एक स्ट्राइक पडला की डाव संपला आणि बरोबरीमुळे सामना पुढच्या डावात. एक बॉल पडला की बॅटर फुकट पहिल्या तळावर, त्याच्या रेट्याने तिसऱ्या तळावरचा परत पाटीवर, म्हणजे एक धाव, आणि चाळीसगाव विजेते.

त्या बॅटरचं चाळीसगावात इस्त्रीचं दुकान आहे. घाई त्याला माहीत नाही. विहानचा बाविसावा चेंडू त्याने मागे उडवला. तेविसावा मागे उडवला. चोविसावासुद्धा. मागे उडालेल्या चेंडूने काही बदलत नाही, फक्त एक फेक जाते.

फलकावर शून्य आलं.

अत्तार मॅडम मैदानात चालत गेल्या. माझ्या शेजारी ईश्वरी बसली होती. तिने माझं मनगट धरलं होतं, ते आता सोडलं. विहान चेंडू देत नव्हता.

"मॅडम, अधिक-उणे तीन असतं."

"उणे पण असतं रे."

"उणेवाले तर गेले की. अजून हात जागेवर आहे. म्हणजे अधिक असणार."

"आणि नसलं तर? मी तुझ्या ताईला काय सांगू?"

"ताईला मी सांगतो."

"नियमात बसत नाही, विहान. टाकलीस तरी धरणार नाहीत. कोपर जाईल आणि चेंडू मोजणारही नाहीत. दे."

त्याने चेंडू त्यांच्या हातावर ठेवला. फेकला नाही, ठेवला.

कियान माळवदकर आला. अकरा हजारांपैकी एक फेक त्याने टाकली. वेग भन्नाट होता. इस्त्रीवाल्याने बॅट हलवलीसुद्धा नाही. अंपायर म्हणाला, बॉल.

हे घडलेलं नसल्यामुळे त्यावर टिप्पणी करत नाही.

घरी आल्यावर ईश्वरी स्वयंपाकघरात उभी राहिली. विहान ओट्यावर चढून बसला. त्याच्या कोपरावर पट्टी होती आणि पट्टीवर शून्य.

"एक कमी पडली," ती म्हणाली. "माझ्यामुळे. मी रडायला नको होतं."

"ताई, दोनशे तीस फेका मी मॅचमध्ये टाकल्या. त्यातली कुठलीही एक कमी म्हण की."

"त्या वहीत होत्या. ही नव्हती."

विहान ओट्यावरून उतरला. मग माझ्याकडे वळला. "दाजी, शेरवानी धुतली का?"

"ड्रायक्लीनवाल्याने न धुताच परत दिली. डाग जात नाही म्हणाला."

"आणा."

मी आणली. तिसऱ्या बटणाभोवती रुपयाएवढा लाल डाग होता, मधोमध. विहानने तो ईश्वरीपुढे धरला.

"हे बघ. फायनलला चोवीस टाकल्या, एक पण इतकी सरळ गेली नाही. आयुष्यात गेली नाही. ही मी परत मागणार नाही, ताई. पण कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे. पट्टीनं मोजली, मग लीगनं का नाही मोजायची?"

ईश्वरीने डोळे पुसले, शेरवानी उलटीसुलटी करून बघितली आणि नगरपरिषदेत अर्जदाराकडे बघते तशी माझ्याकडे बघितलं.

"कागद आण," ती म्हणाली. "रेघांचा नको, कोरा. आणि समास सोड."

खालील अर्ज तिने लिहिला आहे. विहानने डाव्या हाताने सही केली आहे, आता सवयीने. लीगच्या कार्यालयात तो गेल्या सोमवारी पोचला. त्याला अजून क्रमांक मिळालेला नाही. ईश्वरी म्हणते, मिळेल, पण वेळ लागेल.

प्रति,
मा. सचिव, सामना नोंद व तांत्रिक समिती,
महाराष्ट्र व्यावसायिक बेसबॉल लीग.

विषय: एक (१) फेक अधिकृत नोंदीत घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, खेळाडू विहान बगाडे, बार्शी बहाद्दर, यांनी लीगच्या मधल्या सुट्टीत दुपारी १२.३७ वाजता एक फेक टाकली. सदर फेक आपल्याच मापकाने मोजली असून खेळाडूच्या शिल्लक संख्येतून वजा केली आहे. तथापि ती कोणत्याही सामन्याच्या नोंदीत दिसून येत नाही.

सदर फेक साठ फूट सात इंचांवरून, म्हणजे विहित अंतरापेक्षा एक इंच लांबून टाकण्यात आली व छातीच्या मध्यावर लागली. ज्यांस लागली ते जागचे हलले नाहीत. सुमारे पाचशे साक्षीदार उपस्थित होते. पुरावा म्हणून शेरवानी (न धुतलेली) सोबत जोडली आहे. पाहून झाल्यावर परत मिळावी, कारण ती एकच आहे.

फेक खेळाडूच्या कोपरात परत घालता येत नाही, याची अर्जदारांना जाणीव आहे व तशी त्यांची मागणी नाही. मागणी इतकीच की, सदर फेक लातूर येथील अंतिम सामन्यात, नवव्या डावात, दोन बाद, तीन बॉल व दोन स्ट्राइक अशी स्थिती असताना टाकली गेली, असे धरून 'स्ट्राइक' म्हणून नोंदवावी, आणि सामना तेथून पुढे चालू करावा.

याबाबत निर्णय होईपर्यंत उक्त अंतिम सामना झालेलाच नाही असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.